पटकथांचे मोफत ऑनलाइन ग्रंथालय चालवायचे म्हणजे नेमके काय करायचे?

नागपुरात राहून कादंबरी किंवा नाटक लिहू पाहणाऱ्या माणसाला वाचनासाठी वणवण करावी लागत नाही. विद्यापीठ १९२३ साली येथे सुरू झाले, त्याच वर्षी अमरावतीत स्थापन झालेला विदर्भ साहित्य संघही पुढे येथे आला, जुनी वाचनालये अनेक वस्त्यांत आहेत, आणि छापील नाटकाची संहिता शोधली तर हाताला लागते. पटकथा लिहू पाहणाऱ्याची स्थिती अगदी वेगळी आहे. आवडता चित्रपट त्याने कितीही वेळा पाहिलेला असला, तरी तो ज्या कागदांवरून उभा राहिला ते कागद त्याने कधी पाहिलेले नसतात. मुंबईत चित्रीकरणाच्या कामात असलेल्यांच्या हाती एखादी संहिता पडते, ओळखीओळखीतून एखादी प्रत फिरत राहते; आठशे किलोमीटरवरच्या नागपुरात, तशीच यवतमाळ किंवा गडचिरोलीत, ती फिरत येत नाही. राजकुमार हिरानी मूळचे नागपूरचे, पण चित्रपटाचे शिक्षण घ्यायला त्यांनाही पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट गाठावी लागली. ज्यांना पुण्या-मुंबईत जाऊन राहणे परवडत नाही, त्यांच्यासाठी पटकथांचे मोफत ऑनलाइन ग्रंथालय ही शिकण्याची पहिली सोय ठरू शकते, असे मला मनापासून वाटते.

असे ग्रंथालय काढावे असे अनेकांच्या मनात येते. बहुतेकांची कल्पना अशी असते, की इंटरनेटवर इकडेतिकडे पडलेल्या पटकथांच्या फाइली गोळा करायच्या, त्या एका संकेतस्थळावर चढवायच्या आणि लोकांना कळवायचे. वास्तविक फाइली गोळा करणे हा या कामाचा सर्वांत सोपा आणि सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे. ग्रंथालय उभे राहते ते प्रत्येक पटकथेबाबत दोन प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवण्यावर: ही नेमकी कोणती प्रत आहे, आणि ती लोकांना वाचायला देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

पटकथा मुळात इतकी दुर्मीळ का असते, हे आधी समजून घेतले पाहिजे. भारतात प्रकाशित होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत १९५४ च्या कायद्यानुसार कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे आणि आणखी तीन ग्रंथालयांकडे जमा होणे अपेक्षित असते. पटकथा मात्र क्वचितच पुस्तकरूपाने निघते. ती कामाचा कागद म्हणून लिहिली जाते, तिच्या मोजक्या प्रती निघतात, त्यांवर पेन्सिलीच्या खुणा होतात, पाने बदलली जातात, आणि चित्रीकरण संपले की त्या प्रतींची कोणाला गरज उरत नाही. १९६४ साली पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने चित्रपटांबरोबर पटकथा, पुस्तिका, पोस्टर असे साहित्यही जपले आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिस परिसरात ऑस्कर पुरस्कार देणाऱ्या अकादमीचे मार्गारेट हेरिक ग्रंथालय आणि लेखकांच्या संघटनेशी निगडित प्रतिष्ठानाचे ग्रंथालय अशी दोन मोठी ठिकाणे आहेत, परंतु तेथील बहुतेक संग्रह तेथे जाऊन, टेबलाशी बसूनच वाचावा लागतो. काही वेळा पटकथा टिकल्या आहेत त्या केवळ सरकारी दप्तरामुळे. न्यूयॉर्क राज्यात १९२१ ते १९६५ या काळात चित्रपट दाखवण्याच्या परवान्यासाठी संहिता सादर करावी लागे, आणि त्या सेन्सॉर खात्याच्या कागदांमुळे आज तेथील राज्य अभिलेखागारात ५० हजारांहून अधिक संहिता सुरक्षित आहेत.

ही प्रत कोणती?

आपण सैलपणे ज्याला ‘पटकथा’ म्हणतो, त्या नावाखाली निरनिराळे कागद येतात. लेखकाने निर्मात्याला ऐकवण्यासाठी तयार केलेला पहिला मसुदा असतो. दिग्दर्शकाच्या आणि निर्मात्याच्या सूचनांनंतरचे दुसरे, तिसरे, पाचवे मसुदे असतात. पटकथा एकाची आणि संवाद दुसऱ्याचे असतील, तर संवाद भरलेला मसुदा वेगळा असतो. कलाकार आणि तंत्रज्ञांना वाटलेली बाउंड स्क्रिप्ट असते. आणि दृश्यांना क्रमांक देऊन चित्रीकरणासाठी पक्की केलेली शूटिंग स्क्रिप्ट असते. या सर्वांहून अगदी वेगळा असा एक प्रकार आहे, तो म्हणजे तयार चित्रपट पाहून कोणीतरी नंतर उतरवून काढलेला मजकूर. इंटरनेटवर ‘पटकथा’ म्हणून फिरणाऱ्या पुष्कळशा फाइली या शेवटच्या प्रकारातल्या असतात.

हा भेद नवशिक्यासाठी फार महत्त्वाचा आहे, आणि मला तर तो संपूर्ण विषयाचा गाभा वाटतो. चित्रपट पाहून उतरवलेल्या मजकुरात लेखकाचा एकही निर्णय दिसत नाही. समजा, एका दृश्यात सून दारात उभी राहून काही न बोलता आत निघून जाते. उतरवणारा ‘सून आत जाते’ एवढेच लिहील. मूळ मसुद्यात मात्र तेथे सासूशी तिचे चार ओळींचे बोलणे असू शकते, जे चित्रीकरणाच्या दिवशी किंवा संकलनाच्या टेबलावर गळाले. किंवा लेखकाने तिथे ‘ती बोलणार असे वाटते, पण बोलत नाही’ असे एकच वाक्य लिहून अभिनेत्रीसाठी जागा सोडलेली असू शकते. काय लिहिले होते, त्यातले काय टिकले आणि काय गेले, ही तुलना करता येणे हेच पटकथा वाचण्याचे खरे शिक्षण आहे, आणि उतरवलेल्या मजकुरावरून ती तुलना कधीच करता येत नाही.

म्हणून ग्रंथालयातील प्रत्येक फाइलीसोबत एक नोंद असली पाहिजे आणि ती नोंद फाइलीइतक्याच काळजीने लिहिली पाहिजे. कथा, पटकथा आणि संवाद यांची श्रेये आपल्याकडे स्वतंत्रपणे दिली जातात, तेव्हा ती तिन्ही नावे स्वतंत्रपणे नोंदवावीत. मसुदा कितवा, त्यावर तारीख कोणती, तो चित्रीकरणापूर्वीचा की नंतरचा, प्रत कोणाकडून मिळाली, चित्रपटाची लांबी किती आणि पटकथेत दृश्ये किती, हेही त्यात यावे. तयार चित्रपटात नसलेली दृश्ये या प्रतीत असतील, तर त्यांचे क्रमांक दिल्यास वाचकाचे काम पुष्कळच सोपे होते. एखादा मजकूर चित्रपटावरून उतरवलेला असेल, तर तसे ठळकपणे सांगावे किंवा, माझ्या मते, तो संग्रहात घेऊच नये. नोंदी नसलेल्या १,००० फाइलींपेक्षा अशा नोंदींसह ठेवलेल्या ५० पटकथा शिकणाऱ्याला जास्त देतील.

अधिकार कोणाचा?

आता दुसरा प्रश्न. भारतात या विषयावरचा मूळ कायदा म्हणजे स्वामित्वहक्क (कॉपीराइट) अधिनियम, १९५७. त्यात पटकथा आणि चित्रपट या दोन वेगळ्या कृती मानल्या आहेत. चित्रपटाचा स्वामित्वहक्क सामान्यतः निर्मात्याकडे असतो. परंतु कलम १३ मध्ये स्पष्ट म्हटले आहे, की चित्रपटावरील हक्कामुळे, तो ज्या लेखनावरून तयार झाला त्या लेखनावरील स्वतंत्र हक्काला बाध येत नाही. हा मुद्दा केवळ पुस्तकी नाही. सत्यजित राय यांच्या १९६६ सालच्या ‘नायक’ या चित्रपटाच्या पटकथेवरून कादंबरी काढण्यात आली, तेव्हा निर्मात्याच्या कुटुंबाने हक्क आपला असल्याचे सांगून दावा लावला. २०२३ साली दिल्ली उच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की पटकथा राय यांनी लिहिली, ते निर्मात्याचे नोकर नव्हते, म्हणून पटकथेचे पहिले स्वामी तेच होत. चित्रपट निर्मात्याचा असल्याने पटकथा आपोआप निर्मात्याची होत नाही.

यावरून ‘मग लेखकाला विचारले की झाले’ असा निष्कर्ष मात्र घाईचा ठरेल. लेखक पहिला स्वामी असला, तरी तो लेखी करार करून आपले हक्क दुसऱ्याला देऊ शकतो, आणि व्यावसायिक चित्रपटांच्या करारांत लेखकाचे बहुतेक हक्क निर्मात्याच्या नावे लिहून घेण्याची पद्धत रूढ आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर लेखकाला चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातील मानधनाचा वाटा सोडून देता येत नाही, ही मोठी सुधारणा झाली. परंतु पटकथा लोकांना वाचायला देण्याची परवानगी कोण देणार, हे अखेर करार वाचूनच ठरते. लेखक आपल्याला आनंदाने फाइल पाठवतो, आणि ती देण्याचा अधिकार त्याच्याकडे उरलेलाच नसतो, असे अगदी सहज घडू शकते. म्हणून लेखकाला पहिला प्रश्न ‘पटकथा द्याल का?’ असा न विचारता ‘आपल्या करारात पटकथेच्या प्रकाशनाचा हक्क कोणाकडे आहे?’ असा विचारावा.

जुन्या चित्रपटांबाबत आणखी एक गैरसमज दिसतो. चित्रपट जुना झाला, तो इंटरनेटवर फुकट पाहायला मिळतो, म्हणजे त्याची पटकथाही मोकळी झाली, असे धरले जाते. साहित्यकृतीवरील हक्क लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो, तर चित्रपटावरील हक्क तो प्रकाशित झाल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. ‘श्यामची आई’चे उदाहरण घ्या. पुस्तक साने गुरुजींचे. त्यांचे निधन १९५० साली झाले, म्हणून पुस्तकावरील हक्क २०१० च्या अखेरीस संपला. त्यावरचा चित्रपट १९५३ चा. त्यावरील हक्क २०१३ च्या अखेरीस संपला. पण चित्रपटाची पटकथा आचार्य अत्र्यांची, आणि अत्रे गेले १९६९ साली. त्यांच्या लेखनावरील हक्क २०२९ संपेपर्यंत चालू राहतो. मराठी माणसाच्या मनात एकच असलेल्या या कृतीला कायद्यात तीन तारखा आहेत, आणि ग्रंथालयाला ज्या कागदाची गरज आहे त्याची तारीख सर्वांत शेवटची आहे. विजय तेंडुलकरांचे निधन २००८ चे. त्यांच्या पटकथांसाठी २०६८ च्या अखेरपर्यंत थांबावे लागेल किंवा परवानगी घ्यावी लागेल. याशिवाय, लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथमच प्रकाशित होणाऱ्या लेखनाची मुदत प्रकाशनापासून मोजली जाते. त्यामुळे वारसांच्या कपाटात सापडलेली हस्तलिखिते केवळ जुनी आहेत म्हणून मोकळी होत नाहीत.

चित्रपट एखाद्या नाटकावरून किंवा कादंबरीवरून घेतलेला असेल, तर परवानग्यांची साखळी लांबते. नागपूरचे ज्येष्ठ नाटककार महेश एलकुंचवार यांच्या ‘पार्टी’ या नाटकावरून गोविंद निहलानी यांनी १९८४ साली त्याच नावाचा चित्रपट केला आणि त्याची निर्मिती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने केली. अशा चित्रपटाची पटकथा ग्रंथालयात ठेवायची, तर मूळ नाटककार, पटकथेचे लेखक आणि निर्माती संस्था या सर्वांचा विचार करावा लागेल. येथे एक आशेची बाजूही आहे. निर्माती संस्था सार्वजनिक असेल, तर तिच्याशी झालेल्या एका नीट पत्रव्यवहारातून अनेक पटकथांचा मार्ग खुला होण्याची शक्यता असते. लेखक आणि त्यांच्या संघटना यांनी मिळून असा आग्रह धरायला हवा, असे मला वाटते.

‘आम्ही तर शिक्षणासाठी करतो’

मोफत ग्रंथालय काढणाऱ्यांचा सर्वांत आवडता युक्तिवाद हा असतो, की आपण पैसे घेत नाही आणि हेतू शैक्षणिक आहे. कायद्यातील सवलती कलम ५२ मध्ये दिल्या आहेत आणि त्या नेमक्या आहेत. स्वतःच्या अभ्यासासाठी किंवा संशोधनासाठी, तसेच टीका-समीक्षेसाठी योग्य मर्यादेत वापर करता येतो. शिक्षकाला आणि विद्यार्थ्याला अध्यापनाच्या ओघात प्रत काढता येते, आणि दिल्ली विद्यापीठातील छायाप्रतींच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली या सवलतीचा अर्थ बराच उदारपणे लावला. ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडे कागदी प्रत असलेल्या कृतीची जतनासाठी डिजिटल प्रत करून ठेवता येते. या सवलतींमधून शिक्षकाला वर्गात एखाद्या पटकथेतील दृश्ये वाटता येतील, ग्रंथालयाला जीर्ण प्रत स्कॅन करून जपता येईल. पण संपूर्ण पटकथा जगातल्या कोणालाही डाउनलोड करून घेता येईल अशी उघडी ठेवण्याची मुभा त्यांतून मिळत नाही. स्वामित्वहक्काचा जाणीवपूर्वक भंग हा कलम ६३ नुसार गुन्हा आहे; त्यासाठी सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. व्यापारी लाभाचा हेतू नसेल, तर न्यायालय कारणे नोंदवून शिक्षा कमी करू शकते, मात्र त्यामुळे कृत्य कायदेशीर ठरत नाही.

परदेशी पटकथांनाही आपल्या कायद्याचे संरक्षण आहे. तेथे काही स्टुडिओ पुरस्कारांच्या हंगामात आपल्या चित्रपटांच्या पटकथा स्वतःहून खुल्या ठेवतात आणि ब्रिटनच्या बीबीसीने आपल्या मालिकांच्या अनेक संहिता वाचकांसाठी दिलेल्या आहेत. अशा पटकथा डाउनलोड करून आपल्याकडे चढवू नयेत; मूळ ठिकाणाचा दुवा द्यावा आणि त्यासोबत आपली मराठी नोंद लिहावी. दुवे मरतात, स्टुडिओ काही महिन्यांनी फाइल काढून घेतात, हे खरे आहे, आणि म्हणून दर काही महिन्यांनी दुवे तपासण्याचे काम कोणाकडे तरी नेमून द्यावे लागते. कोणती पटकथा कोठे, कोणत्या अटींवर वाचता येते, एवढी विश्वासार्ह सूची मराठीत तयार झाली, तरी ती स्वतःच एक मोठी सेवा होईल.

परवानगी लेखी असावी, आणि तिचा मजकूर विचारपूर्वक तयार करावा. हक्क किंवा परवाना देताना मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर ती भारतापुरती धरली जाते. ऑनलाइन ग्रंथालयासाठी या दोन्ही गोष्टी गैरसोयीच्या आहेत, कारण सहाव्या वर्षी प्रत्येक पटकथा नव्याने मागावी लागेल आणि दुबईतील मराठी वाचक हा परवान्याबाहेरचा ठरेल. म्हणून मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहावेत. परवाना अनन्य नसावा, म्हणजे लेखकाला ती पटकथा उद्या पुस्तकरूपाने काढण्याची मोकळीक राहते. फक्त वाचायला द्यायची की डाउनलोडही करू द्यायची, अक्षरांचे रूप बदलून किंवा दृष्टिहीन वाचकांसाठी वेगळ्या स्वरूपात द्यायची का, लेखकाला ती परत घ्यावीशी वाटल्यास किती दिवसांत काढायची, हे सर्व त्यात यावे. ज्यांना तयार मसुदा हवा असेल त्यांनी क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे आपली कृती इतरांना ठरावीक अटींवर वापरू देण्यासाठी तयार केलेल्या मोफत परवान्यांकडे पाहावे. त्यांतील श्रेय देऊन, व्यापारी वापर न करता आणि बदल न करता वापरण्याचा परवाना पटकथा-लेखकांना बहुधा पटतो.

सुरुवात कोठून करावी, याविषयी माझे मत पक्के आहे. गाजलेल्या चित्रपटांच्या मागे लागून पहिले वर्ष घालवू नये. नागपूर, अमरावती, अकोला येथे लघुपट करणारे, स्वतःच्या पैशाने चित्रपट उभारणारे लेखक-दिग्दर्शक आहेत. त्यांच्या पटकथांचे हक्क बहुतेकदा त्यांच्याच हाती असतात, त्यांच्याकडे सगळे मसुदे जपलेले असतात, आणि कोणी आपले लेखन काळजीने वाचणार आहे याचे त्यांना अप्रूप असते. १५ मिनिटांच्या लघुपटाची पटकथा, तिचे दोन मसुदे आणि तयार लघुपटाचा दुवा, एवढे साहित्य एका संध्याकाळी वाचून-पाहून होते. नवशिक्याला तीन तासांच्या चित्रपटाच्या संहितेपेक्षा ते अधिक उपयोगी पडते.

न झालेल्या चित्रपटांच्या पटकथा

ग्रंथालय सुरू होताच नवे लेखक आपल्याच पटकथा पाठवू लागतात. त्यांना नकार देणे जड जाते, पण येथे त्यांच्याच हिताचा विचार करावा लागतो. कल्पनेवर स्वामित्वहक्क नसतो; तो तिच्या मांडणीवर, लिहिलेल्या रूपावर असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली नाटककार आर. जी. आनंद यांच्या प्रकरणात हे तत्त्व स्पष्ट केले आणि आजही त्याचाच आधार घेतला जातो. कल्पनेला थोडेफार संरक्षण मिळते ते गोपनीयतेच्या मार्गाने: निर्मात्याला विश्वासाने सांगितलेली, पुरेशी विकसित केलेली संकल्पना त्याने परस्पर वापरली, तर न्यायालय त्याला रोखू शकते, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००३ साली एका दूरचित्रवाणी मालिकेच्या संकल्पनेबाबत तसे केलेही. मात्र पटकथा एकदा सर्वांसाठी खुली ठेवली, की गोपनीयता उरत नाही आणि हा मार्ग बंद होतो. म्हणून चित्रपट झालेला नाही अशी पटकथा खुल्या संग्रहात घेऊ नये. लेखकाने फारच आग्रह धरला, तर हे सर्व त्याला आधी लेखी कळवावे आणि मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे पटकथेची नोंदणी करण्यास सांगावे. त्या नोंदणीने हक्क निर्माण होत नाही, तो लिहिण्याच्या क्षणीच निर्माण झालेला असतो. पण अमुक तारखेला हा मजकूर या लेखकाकडे होता, याचा पुरावा हाती राहतो.

देवनागरी, फाइली आणि फोन

इंग्रजी पटकथांच्या ग्रंथालयांना जी अडचण येत नाही, ती आपल्याला येते. वर्षानुवर्षे मराठी पटकथा श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेल्या आहेत. त्यांची पीडीएफ डोळ्यांना व्यवस्थित दिसते, पण तिच्यात शब्द शोधता येत नाही, आणि मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की रोमन अक्षरांची निरर्थक रांग उमटते. अशी प्रत आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणक व फोन ओळखतात त्या सामायिक अक्षरसंकेतात, रूपांतरित करावी लागते, आणि रूपांतर करणारे साधन जोडाक्षरे व रफार यांत चुका करते म्हणून नंतर माणसाने ती ओळीने वाचावी लागते. स्कॅन केलेल्या छापील पानांसाठी टेसरॅक्टसारखे मोफत साधन मराठी ओळखते. हस्तलिखितापुढे मात्र त्याचा निभाव लागत नाही, आणि तेथे टंकनाला पर्याय नाही.

मुद्रितशोधन करणाऱ्या स्वयंसेवकांना एक सूचना पहिल्याच दिवशी द्यावी लागते: बोली शुद्ध करायची नाही. वऱ्हाडीत किंवा झाडीबोलीत लिहिलेला संवाद ‘सुधारण्याचा’ मोह सुशिक्षित वाचकाला फार होतो, आणि त्यात लेखकाने ऐकून, तोलून लिहिलेला उच्चार नाहीसा होतो. विदर्भातल्या ग्रंथालयाने तर बोलीनुसार शोधण्याची सोयच ठेवावी; ‘वऱ्हाडी संवाद असलेल्या पटकथा’ असे शोधता येणे आपल्याकडच्या लेखकाला फार मोलाचे ठरेल.

इंग्रजी पटकथेत १२ पॉइंटच्या कुरिअर फाँटमधील एक पान म्हणजे पडद्यावरचे सुमारे एक मिनिट, असा ढोबळ हिशेब धरतात. त्या फाँटचे प्रत्येक अक्षर सारख्या रुंदीचे असल्याने पान सर्वत्र सारखेच भरते. देवनागरीला हा हिशेब लागू पडत नाही. शिवाय आपल्याकडे डावीकडे दृश्य आणि उजवीकडे ध्वनी-संवाद अशी दोन रकान्यांची जुनी पद्धतही चालते. म्हणून पानांच्या संख्येपेक्षा दृश्यांची संख्या आणि चित्रपटाची लांबी नोंदवणे अधिक खरे चित्र देते.

वाचक प्रामुख्याने मोबाइलवर वाचणार, हे गृहीत धरावे. टंकलेल्या पटकथेची पीडीएफ काहीशे किलोबाइटची असते, तेव्हा अशा ५०० पटकथाही साध्या पेनड्राइव्हवर मावतात. स्कॅनची गोष्ट वेगळी आहे. ए-फोर आकाराचे एक पान ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) रंगीत स्कॅन केले आणि कोणतीही काटछाट न करता साठवले, तर ते सुमारे २६ मेगाबाइटचे होते, आणि १२० पानांच्या पटकथेला तीन गिगाबाइटहून अधिक जागा लागते. ही मोठी प्रत जतनासाठी वेगळी ठेवावी आणि वाचकाला हलकी प्रत द्यावी. शक्य तेथे पीडीएफच्या जोडीला साध्या वेबपानावर मजकूर दिला, तर तो छोट्या पडद्यावर आपोआप जुळवून घेतो आणि अशक्त नेटवर्कवरही उघडतो.

प्रत चढवण्यापूर्वी पहिले पान जरूर तपासावे. त्यावर लेखकाचा पत्ता, फोन क्रमांक, कधी निर्मितीसंस्थेतील माणसांची नावे असतात. ती झाकल्याशिवाय फाइल बाहेर जाऊ नये. पानांवर आडवे-तिरपे एखाद्या व्यक्तीचे नाव छापलेले दिसले, तर ती प्रत त्या व्यक्तीला विश्वासाने दिलेली होती आणि कोठून तरी फुटलेली आहे, असे समजावे आणि ती कोणत्याही परिस्थितीत घेऊ नये.

तक्रार आली तर काय करायचे, हेही आधीच ठरवावे. दुसऱ्यांनी चढवलेला मजकूर केवळ साठवणाऱ्या सेवांसाठी कायद्यात सवलत आहे: हक्कदाराची लेखी तक्रार मिळाल्यावर ३६ तासांत तो मजकूर बंद करायचा, आणि २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही तर तो पुन्हा खुला करता येतो. आपण मात्र पटकथा स्वतः निवडून चढवतो, तेव्हा या सवलतीच्या आड उभे राहता येईल असे धरू नये. तक्रार येताच फाइल आधी काढावी, मग कागद तपासावेत आणि तक्रारदाराला नावानिशी उत्तर द्यावे.

खर्चाचे म्हणाल, तर संकेतस्थळाचे नाव आणि साठवण यांचे वार्षिक भाडे हा त्यातला लहान भाग आहे. खरा खर्च वेळेचा आहे: पत्रे लिहिणे, उत्तरांची वाट पाहून पुन्हा लिहिणे, करार वाचून घेणे, शुद्धिकाम करणे. चार-सहा जणांनी ठरलेले तास दिल्याशिवाय हे चालत नाही. देणग्या घ्यायच्या असतील, तर संस्था नोंदवून धर्मादाय आयुक्तांकडे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली नोंदणी करावी आणि हिशेब दरवर्षी उघड ठेवावेत. जाहिराती घेऊ नयेत, कारण मोफत वाचनासाठी परवानगी दिलेल्या लेखकाच्या मजकुराभोवती जाहिरातीचे पैसे मिळू लागले, की त्या परवानगीचा पायाच हलतो.

संकेतस्थळाचे नाव कोणा एका उत्साही मित्राच्या वैयक्तिक खात्यावर न घेता संस्थेच्या नावावर घ्यावे. एकाचे नूतनीकरण चुकले म्हणून सारा संग्रह नाहीसा होऊ नये. फाइली, नोंदी आणि परवानगीपत्रे यांची पूर्ण प्रत दरवर्षी दुसऱ्या ठिकाणी ठेवावी, आणि विद्यापीठाचे किंवा एखाद्या जुन्या संस्थेचे ग्रंथालय ती ठेवून घ्यायला तयार असेल तर उत्तमच. मात्र आपले ग्रंथालय बंद पडल्यास संग्रह अशा संस्थेकडे सोपवता यावा, अशी तरतूद परवानगीपत्रात नसेल, तर तेव्हा प्रत्येक लेखकाला किंवा त्याच्या वारसाला शोधून पुन्हा विचारावे लागेल. ते एक वाक्य पहिल्याच पत्रात लिहिलेले असावे.